न हरवलेला कागद: शहापूर ते म्हसा

शहापूरला लोक माहुलीचे सुळके बघायला जातात, नाहीतर धरणांच्या भिंतीवर उभे राहून फोटो काढायला. मी गेलो तो खिशात एक पत्र घेऊन, आणि चार दिवसांत ते पत्र मला दोनदा परत खिशात घालावं लागलं. या मुलखात पुण्याहून मुद्दाम कुणी येत नाही. तेव्हा वाट कशी आहे, काय खायला मिळतं, माणसं कशी बोलतात हेही सांगेन. पण कशासाठी गेलो होतो ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं सहलीसारखं वाटेल.

निवृत्त होऊन मला पाच वर्षं झाली होती. जानेवारीत एक पाकीट जुन्या कचेरीतून फिरत फिरत घरी आलं. शहापूरच्या एका तंत्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्यांचं पत्र होतं. त्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या निदेशकाची जागा रिकामी होती आणि माझ्या हाताखाली काम केलेल्या काशिनाथचा अर्ज आला होता. आमच्या प्रयोगशाळेनं त्याला दिलेल्या दाखल्यावर शेरा होता: ‘चाचणीत हयगय केल्यामुळे सेवा समाप्त.’ त्याबद्दल मी, त्याचा तेव्हाचा साहेब, काही सांगू शकेन का? निवड समिती सोमवारी बसणार होती. पत्र हातात पडलं तो गुरुवार होता.

रात्रीतून चार वेळा मजकूर बदलून मी उत्तर लिहिलं. पोस्टानं वेळेत पोचलं नसतं, म्हणून स्वतः निघालो. निदान बायकोला मी कारण असंच सांगितलं.

शुक्रवार, शहापूर

संस्था गावाबाहेर, कापलेल्या भातशेतांच्या कडेला. पत्र्याच्या शेडमध्ये मुलं कानशी घासत होती, आणि त्या आवाजापलीकडे माहुलीचा डोंगर दात विचकल्यासारखा उभा. प्राचार्य पन्नाशीचे, बाह्या दुमडलेले, कपाळाला ग्रीसचा डाग. मला बघून ते चकितच झाले.

“एवढ्यासाठी स्वतः आलात? चहा घ्या आधी.”

चहा बशीत ओतून प्यायची इथे रीत आहे. आमच्याकडे पाहुण्यासमोर कुणी तसं पीत नाही. प्राचार्यांनी बशी तोंडाला लावली आणि दुसऱ्या हातानं माझं पत्र वाचायला घेतलं. वाचता वाचता बशी खाली ठेवली.

“‘सदर चाचणी झाली होती, परंतु तिच्या नोंदीचा कागद गहाळ झाल्यामुळे ती झाली नसल्याचा समज झाला.’ बरं. कागद गहाळ कुणाकडून झाला?”

मी पाणी प्यायलो.

“चाचणी घेणाऱ्याकडेच कागद असणार ना?” ते म्हणाले. “मग साहेब, तुमच्या पत्रानं त्याची एक हयगय गेली आणि दुसरी आली. उद्या आमच्या पोरांचे वर्षाचे गुण असेच गहाळ केले तर? समितीत दोघं आधीच त्याच्या विरोधात आहेत. हे पत्र त्यांच्या हातात दिलं तर ते मला पेढे वाटतील.”

मी म्हणालो, पत्रात थोडी दुरुस्ती करतो, सोमवारी आणून देतो. पत्र परत खिशात गेलं. काशिनाथ कुठे भेटेल म्हणून विचारलं, तर त्यांनी अर्जावरचा पत्ता दिला: बहिणीचं घर, किन्हवलीच्या पुढचं एक गाव.

खरं काय झालं होतं ते इथेच लिहितो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही एक चिप करत होतो. एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे सेकंदाला एक अब्जाहून जास्त बिट पाठवायचे, असे आठ चॅनल एकाच चिपवर. या धंद्यात पाठवणारा फक्त माहिती पाठवतो, ठेका पाठवत नाही. घेणाऱ्यानं आलेल्या चढउतारांवरून ठेका ओळखायचा आणि प्रत्येक बिट बरोबर त्याच्या मध्यावर वाचायचा. हे काम करणारं मंडल, म्हणजे सर्किट, माझं होतं. त्याच्या आत एक दोलक असतो, म्हणजे चिपचं स्वतःचं घड्याळ. ते आलेल्या ठेक्याशी सतत जुळवून घेतं. ते क्षणभर पुढेमागे झालं तर त्याला आम्ही जिटर म्हणतो. ही थरथर एका मर्यादेपलीकडे गेली की बिट कडेवर वाचला जातो, एकचा शून्य होतो आणि सगळं भरकटतं.

थरथर दोन ठिकाणांहून येते. एक बाहेरून, आलेल्या ठेक्यातच असलेली. तिच्यामागे फार धावायचं नसतं, म्हणून जुळवून घेणं संथ ठेवतात. दुसरी आपल्याच दोलकाची. तिला आवरायचं तर जुळवून घेणं चपळ लागतं. मी धरून चाललो होतो की थरथर बाहेरचीच आहे, आणि मंडल संथ केलं होतं. एकेक चॅनल चालू करून तपासलं की ते सुरेख चालायचं. एकेकच तपासायचं, ही आमची सवय होती.

काशिनाथ हा माझा चाचणी तंत्रज्ञ, मुरबाड तालुक्यातला, डिप्लोमा झालेला. त्यानं न सांगता सगळे चॅनल एकदम चालू केले आणि थरथर मोजली. तिप्पट. तो म्हणाला, “साहेब, ही बाहेरनं येत नाय. बाकीच्यांनी वीज ओढली की आपला दोलक हलतो. त्याला वेगळी लाइन द्या.” मी म्हणालो, तुझ्या मोजायच्या टोकाची अर्थिंगची वायर लांब आहे, ती हवेतला गोंधळ पकडते. असं खरंच होतं, त्यामुळे माझं म्हणणं शहाणपणाचं वाटलं. त्यानं वायर नखाएवढी आखूड केली, पुन्हा मोजलं आणि कागद माझ्या हातात आणून दिला. आकडा तोच होता.

चिप मोठ्या उत्पादनासाठी कारखान्यात जाऊन पडली होती. आता बदल सुचवणं म्हणजे माझं मंडल चुकलं हे मान्य करणं. मी कागद खणात ठेवला. तीन महिन्यांनी गिऱ्हाइकाकडे चिपा बंद पडल्या, चौकशी बसली आणि मला विचारण्यात आलं, सगळे चॅनल एकत्र चालवून तपासले होते का? मी म्हणालो, नाही, तंत्रज्ञानं ती चाचणी केलीच नाही. काशिनाथ म्हणाला, केली, कागद साहेबांना दिलाय. मी म्हणालो, मला मिळाला नाही. आदल्या दिवशीच मी तो फाडला होता.

पुढच्या चिपमध्ये मी दोलकाला वेगळी वीज दिली, मंडल चपळ केलं आणि थरथर खाली आली. त्याबद्दल माझा सत्कार झाला.

शनिवार, किन्हवलीची वाट आणि मुरबाड

सकाळी शहापूरहून जीप पकडली. नऊ माणसांच्या जीपमध्ये सोळा जण, आणि ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला, दाराबाहेर अर्धा लटकलेला, सतरावा. साग निष्पर्ण, मधूनच पळसाला कळे, शेतांत वालाचे हिरवे पट्टे. भाताची कापणी झाली की त्याच ओलीवर इथे वाल पेरतात, पाणी द्यावं लागत नाही. आमच्याकडे देशावर या दिवसांत ज्वारी डोक्याएवढी असते. इथे जमीन उघडी पडलेली दिसते आणि जवळ गेल्यावर कळतं की तिनं काहीतरी धरून ठेवलंय.

काशिनाथची थोरली बहीण अनुसया अंगणात वाल सोलत होती. मी नाव सांगितलं. तिनं हातातली शेंग सोलून संपवली, मगच वर पाहिलं.

“तुमीच का ते पुण्याचे साहेब?”

“हो.”

“जेवलाव?”

मी नको म्हणालो. ती उठली, आत गेली. तांदळाच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज येऊ लागला. अर्ध्या तासानं माझ्यापुढे ताट आलं: पांढरी, पापुद्रा सुटलेली भाकरी, वालाचं बिरडं, भाजलेला सुका बोंबील. बोंबील मी खात नाही. पण त्या दिवशी मी तोही खाल्ला, काटे जिभेवर आले तरी बोललो नाही. ती समोर बसून बघत होती.

ताट रिकामं झालं, मी हात धुतले, आणि मग ती बोलायला लागली.

“आता ऐका. उपाशी माणसाशी मी भांडत नाय, म्हणून आधी वाढलं. माझा भाऊ कोर्टात खोटं बोलायला सांगितलं तरी बोलणार नाय, असा माणूस. तो तुमच्याकडनं आला ना, वर्षभर कुणाच्या घरचा फ्यूज पण लावला नाय. लग्नाला आलेली पोरगी परत गेली. तिच्या बापानं दाखला वाचला. कामचुकार हाये, म्हणाला.” ती थांबली. “आमच्यात कामचुकार म्हणजे काय, तुमाला नाय कळायचं. चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं.”

मी म्हणालो, “मी पत्र आणलंय.”

“मला वाचता येत नाय. काय लिवलंय?”

मी सांगितलं, कागद हरवला असं लिहिलंय. तिनं माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला अंगणातल्या कोंबड्या मोजाव्याशा वाटल्या.

“माझ्या भावानं?” ती म्हणाली. “कागद? हरवला?” मग हसलीच. “त्यानं चौथीतलं प्रगतिपुस्तक अजून पेटीत ठेवलंय, गो बाई.”

काशिनाथ म्हशाच्या जत्रेत आहे, असं तिनं सांगितलं. पाळण्याच्या विजेचं काम त्याच्याकडे. मी दुपारी मुरबाडकडे निघालो. सरळगावजवळ टायर बसलं, सगळे उतरलो, आणि माझ्या चपलेचा अंगठाही तिथेच तुटला. ड्रायव्हरनं तो मला तारेनं बांधून दिला आणि वर म्हणाला, “बाबा, मुरबाडला रेल्वे येणार म्हणून माझा आजा स्टेशनाची जागा बघून गेला. बाप तिकिटाचे सुटे घेऊन बसलाय. तोवर ही तार टिकंल.” जीपभर लोक हसले. मीही हसलो. पण मुरबाडच्या लॉजवर पोचेपर्यंत माझं पत्र मनात तुकड्यातुकड्यानं सुटत चाललं होतं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. तेव्हाही मी पूर्ण खरं लिहायला तयार नव्हतो. मला आशा होती की काशिनाथ भेटला की म्हणेल, “राहू द्या साहेब, झालं गेलं.” मग तेच धरून मी सोमवारी प्राचार्यांना काहीतरी मधलं देऊ शकलो असतो.

रविवार, म्हसा

म्हशाची जत्रा मैलभर पसरते. एका बाजूला बैलबाजार: खिल्लारी, गावठी, शिंगं रंगवलेले, दलाल धोतराच्या सोग्याखाली बोटं धरून भाव करतायत आणि तोंडानं भलतंच बोलतायत. दुसऱ्या बाजूला घोंगड्यांची दुकानं, भज्यांच्या कढया, पितळी घंटा. पाठीमागे सिद्धगड. पुण्यात मी गर्दीत जात नाही. इथे गर्दीनंच मला उचलून पाळण्यापर्यंत नेलं.

पाळणा थांबलेला होता. खाली चौकडीच्या शर्टात काशिनाथ बसला होता, हातात मीटर. केस पांढरे झालेले, पाठ तीच. शेजारी पाळण्याचा मालक मारुती, जाडजूड, घाईला आलेला.

“मास्तर, माणसं परत चाललीत! किती वेळा मोजशील?”

“दोनदा झालं. तिसऱ्यांदा तू बघ. किती दाखवतो?”

“दोनशे अठ्ठावीस.”

“वहीत लिव. सही कर.”

मारुतीनं कपाळाला हात लावला आणि आजूबाजूच्यांना उद्देशून म्हणाला, “बघा लोकांनो! लगीन करताना मी एवढ्या सह्या केल्या नाय. याला दिवा लावायला दोन पंच लागतात.” तरीही सही केली.

काशिनाथ एकट्यानं काहीच मोजत नाही, हे मला मारुतीनंच मागून सांगितलं. साक्षीला कुणी नसेल तर मीटर पिशवीतून काढतच नाही.

पाळणा सुरू झाला. लाउडस्पीकरवरचं गाणं एकसारखं वाजत होतं. शेजारच्या दुसऱ्या पाळण्याचं गाणं मात्र मोटार जोर घेताना दर वेळी गळा काढल्यासारखं थरथरायचं. मी उभा राहून ऐकत होतो. काशिनाथनं मान वर न करता म्हटलं, “तिकडं मोटार आणि स्पीकर एकाच जनरेटरवर हायेत. मी स्पीकरला छोटा वेगळा ठेवलाय.” मग वर पाहिलं, आणि मला ओळखलं.

तो उठला नाही. “या साहेब,” म्हणाला. एवढंच.

जनरेटरच्या मागे, डिझेलच्या वासात, आम्ही उलट्या क्रेटवर बसलो. त्यानं न विचारताच मी पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं चष्मा पुसला, दोनदा वाचलं.

“गहाळ,” तो म्हणाला. “कुठं गहाळ झाला, साहेब?”

मी जनरेटरकडे पाहिलं.

“मी तुमच्या हातात दिलेला. दुपारी. तुमच्या टेबलावर संत्र सोललेलं होतं. तुमी बोटं पुसून कागद घेतला.”

“काशिनाथ, सोमवारी समिती आहे. एवढ्यानंही...”

“एवढ्यानं काय होईल? सहा वर्षं मी लोकांना सांगतो, मी कागद दिला. आता तुमी सांगणार, हरवला. मग मी पण खोटा झालो ना?” त्यानं पत्र घडी घालून मला परत दिलं. “न्या हे. मला नोकरी नको.”

“असं काय करतोस?”

“असंच. पाळण्याचं बरं चाललंय माझं.”

मारुती मधेच डोकावला. “मास्तर, जिलबी आणू पाहुण्याला?” आमची तोंडं पाहून तो हळूच मागे सरकला.

मी काशिनाथचे हात पाहिले. मीटरच्या तारा तो गुंडाळत होता, अगदी सावकाश, पीळ पडू न देता, पूर्वी गुंडाळायचा तशाच. “राहू द्या साहेब” हे वाक्य येणार नव्हतं. आणि मला कळलं की मी इतक्या लांब फक्त तेवढ्यासाठी आलो होतो.

“फाडला,” मी म्हणालो. “चौकशीच्या आदल्या दिवशी. खणातून काढला, वाचला आणि फाडला.”

तारा गुंडाळणं थांबलं. शेजारच्या पाळण्याचं गाणं पुन्हा एकदा थरथरलं.

“मला वाटलेलं, तुमी विसरलाव,” तो शेवटी म्हणाला. आवाज चढला नाही, पण क्रेटची कड त्यानं इतकी घट्ट धरली की फळी करकरली. “सहा वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं. साहेब मोठा माणूस, ढीगभर कागद, विसरला असंल. तेवढ्यावर मी तुमाला शिव्या दिल्या नाय.”

मग त्यानं क्रेटची कड सोडली.

“कोरा कागद हाये?”

माझ्याकडे होता. त्याच्या हत्यारपेटीवर ठेवून मी लिहायला घेतलं. चाचणी काशिनाथनं केली. अर्थिंगची वायर आखूड करून पुन्हा केली. दोलकाला वेगळी वीज द्यावी असं त्यानंच सुचवलं, पुढच्या चिपमध्ये मी तेच केलं आणि ते माझं म्हणून सांगितलं. कागद मला मिळाला होता, तो मी जाणूनबुजून फाडला आणि चौकशीत खोटं बोललो. पेन अडलं नाही, याचं मला नवल वाटलं. लिहून झाल्यावर मी ते त्याला वाचायला दिलं. वाचताना मी खाली सही करणार, तेवढ्यात त्यानं माझा हात धरला.

“थांबा. इथं चुकलंय.”

“काय?”

“‘आठही चॅनल चालू ठेवून’ लिवलंय तुमी. सात होते. आठवा बंद होता. त्याच्या एका पिनेचा सोल्डरचा टाका माझ्या हातनं सुटलेला. खालच्या कोपऱ्यात मी तसं लिवलेलं. तुमी फाडायच्या आधी नीट वाचलं पण नाय.”

“सातानं आकड्यात फार फरक पडत नाही. राहू दे आठ. उगाच तुझ्या विरोधात जाईल.”

“आठ नव्हते,” तो म्हणाला. “नवीन कागद घ्या.”

मी सगळं पुन्हा उतरून काढलं. सात, आणि सोल्डरही. “सही उद्या प्राचार्यांसमोर करा, साक्षीला कुणीतरी हवं,” तो म्हणाला.

सोमवार, शहापूर

परतीच्या वाटेचं वर्णन मी करत नाही. काशिनाथ त्याच एस.टी.त होता, पुढच्या सीटवर. किन्हवलीला भावाच्या निरोपावरून अनुसया चढली, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. त्याच्या शेजारी जागा होती तरी ती माझ्या शेजारी बसली आणि शहापूरपर्यंत एक शब्द बोलली नाही.

प्राचार्यांनी पत्र उभ्यानंच वाचायला सुरुवात केली आणि मग खुर्चीत बसले. शेवटाजवळ त्यांचं बोट थांबलं.

“हे सोल्डरचं कशाला घातलंत? समितीतले नेमकं हेच धरतील.”

“मीच घालायला लावलं,” काशिनाथ म्हणाला. “माझी चूक झालेली, साहेब. हयगय झाली नव्हती. दोन्ही वेगळ्या हायेत. समितीला विचारायचं तर विचारू द्या, मी सांगतो.”

प्राचार्य शेडकडे हात करून म्हणाले, “समिती अकराला बसते. तोवर तिसऱ्या टेबलावरचा ऑसिलोस्कोप बघा जरा. पोरं म्हणतात, खोटं दाखवतो.”

काशिनाथ गेला. आम्ही दोघंच उरलो. अजून सही व्हायची होती. प्राचार्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं, पण कागदावरचा हात काढला नाही.

“आणि तुमचं काय होतं?” त्यांनी विचारलं. “चूक की हयगय?”

“दोन्ही नाही,” मी म्हणालो, आणि सही केली.